विहिरीवरचं पाखरू

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. जळकोटजवळच्या एका गावात पाणी उरलं होतं ते फक्त गावविहिरीला. त्या विहिरीच्या काठावर माणसाएवढं, पंखांचं काहीतरी बसलेलं मारोती गुराख्यानं पाहिलं. मग सटवाजीनं पाहिलं, मग पुजाऱ्यानं. कुणी म्हणालं डोळे लाल आहेत, कुणी म्हणालं पाय माणसाचे आहेत. हळूहळू तिकडे कुणी फिरकेना.

बौद्धवाड्यातल्या केवळाबाईला त्या विहिरीवर कधीच चढू दिलं नव्हतं. पण घरात नातू तापानं फणफणला होता. भरदुपारी ती घागर आणि दोर घेऊन निघाली. जीव मुठीत धरून पायऱ्या चढली. वर कुणीच नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं आणि तिथंच बसून पोटभर प्याली.

भरली घागर घेऊन परतताना वेशीत पाटलाची सुमनबाई रिकामी घागर घेऊन उभी होती.

"दिसलं का गं?"

केवळाबाईनं डोक्यावरची घागर सावरली.

"हाव बाई. लई मोठं हाय."

"तुला काही केलं न्हाई?"

"न्हाई. आमच्या वाड्यातल्या मानसाला काही करत न्हाई ते."

सुमनबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आपली घागर पुढं केली.

"जरासं माझ्यात बी वत."

केवळाबाई ओतू लागली. घागरीला घागर लागली, तरी सुमनबाई मागं सरली नाही.