मेंढ्याच्या डोक्यातली गाठ

“गळ्यातलं, कानातलं सगळं काढून ठेवा. आत मोठं लोहचुंबक आहे,” नर्स म्हणाली.

हरणाबाईनं मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात दिलं. लग्नापासून ते गळ्यातून उतरलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“मेंढ्याला धराय जायाचं, त्यात रडायचं काय?” बिराप्पा खेकसला. “नीट धर म्हंजे झालं. तुळशीला पानी घालताना तांब्या सुटतो हातातनं. इचारलं तर म्हणं डोकं दुखतं! कर आनखी उपास.”

बाकावरचे दोघे-तिघे हसले. हरणाबाईनं मनातल्या मनात बिरोबाचं नाव घेतलं आणि ती आत गेली.

मेंढा माडग्याळी जातीचा, बाकदार नाकाचा. माण तालुक्यातल्या टकरी त्यानं गाजवल्या होत्या. यंदाच्या जत्रेत मात्र पहिल्याच धडकेला तो मागं सरला आणि बिराप्पाचं जेवण सुटलं. हरणाबाईचा भाऊ राजाराम तासगावात जनावरांचा डॉक्टर. त्यानं मेंढ्याचे डोळे उघडून पाहिले. म्हणाला, “दाजी, डोक्यात गाठ असंल. सांगलीत नवं यंत्र आलंय. शिरेतनं औषध सोडत्यात, मग फोटोत गाठ तेवढी पांढरी उजळती.”

बिराप्पानं त्याच दिवशी टेम्पो सांगितला. गुंगीचं इंजेक्शन दिलेला मेंढा मघाशीच मागल्या दारानं आत नेला होता.

“आवं, मेंढ्याचाबी फोटू काढत्यात?” बाकावरच्या रंगुबाईनं विचारलं.

“का न्हाई? बायका छप्पन मिळतील मावशी, असला मेंढा न्हाई.”

रंगुबाईनं तोंड फिरवलं.

बऱ्याच वेळानं राजाराम आणि यंत्रावरचे डॉक्टर बाहेर आले. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या-करड्या रेघांतलं बिराप्पाला काही कळलं नाही, पण मधोमध सुपारीएवढा पांढरा ठिपका दिसला.

“गाठ आहे,” डॉक्टर म्हणाले. “लवकर काढली तर जीव वाचेल. पुण्याला न्यावं लागेल, तिथं राहावं लागेल. अर्ध्यातून माघार घेणार असाल तर आत्ताच सांगा.”

“माघार?” बिराप्पा उसळला. त्यानं कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि सगळ्यांदेखत तळहातावर धरला. “बिरोबाची आण. उद्याच्या उद्या पुण्याला नेतो. चार मेंढरं इकावी लागली तरी इकतो. पार बरं हुईस्तवर उशाचा हालत न्हाई. आण मोडली तर माझा वंश बुडू दे.”

राजारामनं त्या तळहातावरचा चिमूटभर भंडारा उचलून आपल्या कपाळाला लावला.

“मावशी, ऐकलंसा न्हवं?”

“ऐकलं की. समद्यांनी ऐकलं.”

“मग झालं,” राजाराम म्हणाला. “दाजी, मेंढ्याला कायसुदिक झालेलं न्हाई, मागं लिंबाखाली शुद्धीवर आलाय. यंत्रात आक्का हुती.”