हव म्हणजे हो

हॉस्टेलात मीनलचा फोन चोरीला गेला, तेव्हा संशय कोणावर घ्यायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. मजल्यावर काळी, छत्तीसगढातल्या कांकेरच्या जंगलाकडची मुलगी एकच होती, सुखमती. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून चौकशी अर्थातच माझ्याकडे आली.

खोली उघडी होती? "हव." फोन चार्जिंगला होता? "हव." मग तूच उचललास ना? "हव."

"अवं, पोट्टी घाबरली आहे. नुसता हुंकार देऊन राहिली," माझी रूममेट रुचिता म्हणाली.

"मले छत्तीसगढी शिकवतेस? चार पिढ्या रायपुरात गेल्या आमच्या. हव म्हणजे हो!" मी कबुलीजबाब लिहिला आणि खाली झोकदार सही ठोकली. त्याच संध्याकाळी सुखमतीला हॉस्टेलातून काढलं.

पंधरा दिवसांनी फोन मीनलच्याच गादीच्या खोळीत सापडला. मी पडले न्यायप्रिय. पेढे घेऊन सुखमतीकडे माफी मागायला गेले.

"मुझसे नाराज है क्या?"

तिनं पेढ्यांना हात लावला नाही. सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "हव."

हव म्हणजे कधीकधी नुसता हुंकारही असतो, हे मला तिथंच पटलं.