मागे राहिलेला लंगोट

टक् करून दोरीवरचा पिवळा चिमटा फरशीवर पडला आणि पालथ्या पडलेल्या धाकट्याने मान वर केली. आठ दिवस तो हातागुडघ्यांवर येऊन नुसता जागच्या जागी झुलत होता. "मागे एवढं बोचकं बांधल्यावर लेकरू रांगेल कसं?" हा सासूबाईंचा रोजचा टोमणा.

आज मात्र त्याने चिमट्यावर डोळा ठेवला, एक हात पुढे टाकला, मग एक गुडघा, आणि लंगोटाची गाठ सुटली. थोरली एवढीच असताना तिला दिवसभर पाळणाघरात सोडून मी ऑफिसला पळायचे, तेव्हाच्या माझ्या मऊ ओढणीचा तो लंगोट. तो जागीच राहिला आणि कात टाकावी तसा धाकटा त्यातून निसटून, उघडाबंब, थेट चिमट्यापाशी पोचला.

"रांगला गं, रांगला तुझा भाऊ," म्हणत मी वाळत घालायचे सगळे लंगोट हवेत उडवले. एक ओलाच थोरलीच्या डोक्यावर पडला. तो तसाच ठेवून ती पोट धरधरून हसली, आणि मग तिने विचारलं,

"आई, मी पहिल्यांदा रांगले तेव्हापण तू असंच केलंस ना गं?"