चौदाचा आकडा

"हे बघा, परत रकाना कोरा!" रिफअत म्हणाला आणि त्यानं खुर्ची पुढे ओढली.

शाहिनाज वाकून पडद्याकडे बघू लागली. मथळे सोडून पानाचा मजकूर निवडला की वरच्या रकान्यात अक्षरांचा आकार दिसतो. पानभर एकच आकार असेल तर चौदाचा आकडा येतो. एखाद्या शब्दानं जरी वेगळी चूल मांडली असेल, तर रकाना कोरा राहतो.

"पुन्हा? काय म्हणावं या माझ्या कम्प्युटरला!"

"म्हणायचं काय त्यात, भंगारात द्या. मागच्या आठवड्यात मी सगळं नीट करून दिलं होतं. तुम्ही घरी नेता काय आणि एखादा शब्द तेरावर जाऊन बसतो काय! भूतबाधाच आहे त्याला."

"म्हातारा झालाय हो बिचारा," ती म्हणाली.

कैरो विद्यापीठामागे, बैन अल-सरायातच्या गल्लीत, प्रबंध टाइप करून देणारी दुकानं एकाला एक लागून आहेत. रिफअतचं त्यातलंच एक. मजकूर चौदा, मथळे सोळा, तळटिपा बारा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. दिवसभर दुसऱ्यांची पानं तपासायची आणि संध्याकाळी एकट्यानं जेवायचं, असा त्याचा संसार होता. आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलं आणि बघता बघता पंचेचाळिशी उलटली.

शाहिनाज हिवाळ्यापासून येत होती. नाईलचा पूर मोजायच्या जुन्या विहिरींवर तिचा प्रबंध होता. समितीतले एक प्राध्यापक अक्षरांच्या आकाराबाबत भारी चिकट आहेत, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रिफअतनं काम करून दिलं, ती घेऊन गेली आणि थोड्या दिवसांनी परत आली. कुठेतरी एक शब्द लहान झाला होता. त्यानं दुरुस्त केला. पुढच्या वेळी एक तळटीप बिघडली होती.

असं करता करता रमजान आला आणि गेला. रमजानच्या आधी तिनं सोनेरी फितीचा चॉकलेटचा डबा आणला होता. भाचीचा वाढदिवस, म्हणाली. ईदनंतर घरी केलेली कहक नावाची ईदची बिस्किटं आणली, साखरेत घोळवलेली. तो डबा रिफअतनं आठवडाभर पुरवून पुरवून खाल्ला.

सुरुवातीला त्यानं 'डॉक्टरबाई' म्हटलं की ती कानाला हात लावायची. "नका हो, नजर लागेल! अजून झाले कुठे?" अलीकडे ती नुसती हसायची. सवय झाली असेल, असं त्याला वाटे. ती मात्र त्याला आदरानं 'उस्ताज' म्हणे.

ती आली की दोघांचा चहा व्हायचा, त्याला फार बरं वाटायचं आणि ती उठली की दुकान ओकं वाटायचं. पण बोलणार कसं? ती उद्याची डॉक्टर आणि हा गल्लीतला टाइपवाला. प्रबंध संपला की ती इकडे फिरकणारही नाही, हे तो जाणून होता. एकदोनदा तर मनात आलं, आपणच एखादा शब्द तेरावर ठेवून द्यावा. पण छे! तिची पदवी अडकवून आपला चहा गोड करायचा, हे त्याच्याच्यानं होणं नव्हतं.

आज तो एकेक पान काढत शेवटापर्यंत आला. आभाराचा मजकूर निवडला आणि रकाना पुन्हा कोरा झाला. शेवटच्या ओळीत त्याचंच नाव होतं, आणि तेही सोळावर.

"अहो, हे काय! माणसाचं नाव मथळ्याएवढं?"

"झालं असेल चुकून."

"समितीनं बघितलं तर हसतील सगळे."

"समिती काही हसत नाही," ती म्हणाली. "राहू द्या ना तसंच."

"छे छे, माझ्यापायी तुमचं काम अडायला नको." त्यानं स्वतःचं नाव चौदावर आणलं. रकान्यात आकडा उमटला.

"झालं! आता घरी उघडूच नका. मी असं बंद करून देतो की एक अक्षर जागचं हलायचं नाही. सरळ छपाईला न्या."



"म्हणजे आता मी यायला नको?"

खूप काही बोलायचं होतं त्याला. त्यानं फाइल बंद केली.

"नको. सुटलात तुम्ही. अभिनंदन, डॉक्टरबाई."

या वेळी ती हसली नाही. चहा अर्धा टाकून उठली. "फार सरळ आहात हो तुम्ही, उस्ताज रिफअत," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

रिकाम्या खुर्चीकडे बघत तो बराच वेळ बसून राहिला. मग लक्षात आलं, तिचा पेन ड्राइव्ह तसाच मशीनला राहिलाय. तो काढून घेऊन रिफअत धावत बाहेर आला, पण ती गर्दीत दिसेना. जाऊ दे, त्यानं स्वतःची समजूत काढली, बांधणीसाठी तिला समोर यावंच लागेल. समोर अम्म फर्गलीचं दुकान होतं. वयानं मोठा म्हणून सगळी गल्ली त्या बांधणीवाल्याला अम्म, म्हणजे काका म्हणायची.

"अम्म फर्गली, शाहिनाजबाई प्रबंध बांधायला येतील. हा पेन ड्राइव्ह तेवढा त्यांना द्या. आणि चांगलं हिरवं चामडं लावा, वर सोनेरी अक्षरं. पैसे माझ्याकडून घ्या, पण नाव सांगू नका."

फर्गलीनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"कोण, ती नाईलच्या विहिरीवाली? अरे बाबा, तिच्या सगळ्या प्रती मी रमजानच्या आधीच बांधल्या. पदवी मिळाली त्या दिवशी चॉकलेटचा डबा दिला होता तिनं मला. सोनेरी फितीचा."

रिफअतनं पुढे केलेला पेन ड्राइव्ह मागे घेतला.

"म्हणाली, उस्ताज रिफअतना तुम्ही काही बोलू नका, मी स्वतःच सांगणार आहे." फर्गलीनं खळीचा ब्रश खाली ठेवला. "सारखी तर येते तुझ्याकडे. अजून सांगितलं नाही?"