टॉर्च नीट धर

"तयार कॉम्प्युटर कशाला आणायचा? मी स्वतः जोडतो की!" असं नवऱ्याने अख्ख्या खानदानाला सांगून ठेवलं होतं. जोडलाही त्याने, विंडोजही टाकलं. पण तीन दिवस झाले, बटण दाबलं की काळ्या पडद्यावर तेच: ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही. त्याने रॅम दोनदा काढून पुसली, हार्ड डिस्कची केबल बदलली, दुकानदाराचा यथेच्छ उद्धार केला. बायको शेजारी टॉर्च धरून उभी.

"अगं, उजेड आत पाड ना! सारखा मागच्या बाजूला काय पाडतेस? साधा टॉर्च धरता येत नाही तुला."

"चुकलंच माझं," ती म्हणाली. थोड्या वेळाने उजेड पुन्हा हळूच मागे सरकला.

रविवारी दुपारी एकदाचं त्याचं तिकडे लक्ष गेलं. त्याचाच गाण्यांचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मागे लावलेला तसाच राहिला होता, आणि कॉम्प्युटर बिचारा त्या गाण्यांत सिस्टीम शोधत बसला होता. पेनड्राइव्ह काढला, मशीन सुरू. त्याने लगेच मेहुण्याला फोन लावला. "डोकं लागतं रे याला! विचार तुझ्या ताईला, तीन दिवस नुसती बघत उभी होती."

 

सोमवारी इन्स्टिट्यूटमध्ये हार्डवेअरच्या नव्या बॅचला शिकवताना तिने गेल्या अकरा वर्षांतला तोच पहिला नियम सांगितला, "आधी मागचा पेनड्राइव्ह काढून बघा." पुढच्या बाकावरच्या मुलींकडे बघून दुसरा नियम जिभेवर आला होता, तो तिने गिळला: घरी नुसता टॉर्च धरायचा.