शेजारचं बूच

“दिवा जरा इकडे धरा, डॉक्टर,” मुलीचे वडील गाडीखालून म्हणाले, आणि दातांचा डॉक्टर नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टासकट त्यांच्या शेजारी पाठीवर सरकला.

तो खरं तर मुलीला मागणी घालायला आला होता. त्यासाठी आरशासमोर उभं राहून चार वाक्यं घोटून घोटून पाठ केली होती. पण फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच गॅरेजमधून हाक आली, हातात दिवा आला आणि वाक्यं घशातच राहिली. मुलीने आधीच बजावलं होतं, “बाबांना दुसरं काहीही बोल. पण गाडीच्या बाबतीत त्यांचं चुकलं, असं चुकूनही म्हणू नकोस.” याआधी आलेल्या एका स्थळाने हॉर्न जरा बसका वाटतो, एवढंच म्हटलं होतं. बिचाऱ्याला अर्धा चहा टाकून निघावं लागलं.

गल्लीत सगळे वडिलांना फौजदार म्हणत. जन्मभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती, पण आवाज आणि मिशा बघता दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. गाडी गोल दिव्यांची, पोपटी रंगाची, मुलीहून वयाने मोठी आणि लाडात तिच्या तोडीस तोड. तिच्या इंजिनातून पाणी गळत होतं. इंजिनाला बाजूने भोकं असतात, आणि प्रत्येक भोकात छोट्या वाटीसारखं लोखंडी बूच ठोकून बसवलेलं असतं. ते गंजलं की आतलं पाणी बाहेर येतं. मग जुनं उपटायचं आणि नवं ठोकायचं.

“हाच तो चोर,” म्हणत फौजदारांनी एका बुचावर बोट टेकवलं.

डॉक्टरने दिवा जवळ नेला. बूच धडधाकट होतं. तांबडा ओघळ निघत होता तो शेजारच्या बुचातून. दुखतं एका दाताला आणि पेशंट बोट ठेवतो भलत्याच दातावर, हे तो रोज बघायचा. त्याने सांगायला तोंड उघडलं. मग त्याला हॉर्न आठवला आणि त्याने तोंड मिटलं.

फौजदारांनी छिन्नी लावून हातोडी मारली. दुसऱ्या ठोक्याला बूच भोकातल्या भोकात जरासं तिरकं झालं. तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी घसा खाकरला आणि पकड डॉक्टरच्या हातात कोंबली.

“घ्या. उपटायचं काम तुमचं.”

डॉक्टर पकडीकडे बघत राहिला. चांगला दात उपटायचा! त्याच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. आजवर त्याच्या हातून ते एकदाही घडलं नव्हतं. पण मुलगी त्याला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. त्याने मनातल्या मनात सगळ्या गुरुजनांची माफी मागितली, डोळे मिटले आणि ओढलं.

भसकन पाणी आलं. रेडिएटर सकाळीच रिकामा केला होता, पण इंजिनाच्या पोटात उरलेलं सगळं गढूळ पाणी दोघांच्या तोंडावर, मिशांवर आणि त्या शर्टावर बदाबदा कोसळलं. शेजारचं बूच आपलं निवांत ठिबकत राहिलं. फौजदारांनी उपटलेलं बूच दिव्यासमोर धरलं. ते लख्ख होतं.

“डॉक्टर,” ते हळूच म्हणाले, “हे चांगलं होतं, हे तुम्हाला दिसलं होतं का?”

नाही म्हणावं तर तो आंधळा ठरत होता, आणि हो म्हणावं तर भित्रा. चारपैकी एकही वाक्य धड आठवेना.

“दिसलं होतं, काका! तुमचं साफ चुकत होतं!” तो कानातलं पाणी झटकत ओरडला. “पण मी तुमची मुलगी मागायला आलोय. तुमच्या चुका काढायला नाही!”

संपलं सगळं. आपल्याला तर अर्धा चहासुद्धा मिळाला नाही, असं त्याला वाटून गेलं. शेजारून गुडगुड आवाज येऊ लागला. आणखी पाणी येतंय की काय, म्हणून त्याने तोंडावर हात घेतले. पण ते हसू होतं. फौजदार मिशा पिळत, पोट धरून, गाडीखाली मावेनासे होऊन हसत होते. त्यांचं बघून डॉक्टरलाही आवरेना. दोघं त्या थारोळ्यात गडबडा लोळू लागले.

“अहो, चुकलं हे दुसऱ्या ठोक्यालाच कळलं होतं मला,” फौजदार कसेबसे श्वास घेत म्हणाले. “पण जावयासमोर कबूल कसं करायचं?”