ब्रिगशॉविरुद्धची फायनल

“मग? पुढं काय झालं?” एनॉक मास्तरांनी विचारलं.

“पुढं काय, मास्तर! दोन गुणांनी आपण वर. चिखल घोट्यापर्यंत. सामना संपत आलेला, आणि चेंडू गेला ब्रिगशॉच्या विंगरकडे. कडेकडेनं सुटला की गडी! रेषेपलीकडे चेंडू टेकवला, की कप त्यांचा!”

“कसा होता रे तो?”

“पाय चपळ. अक्कल बेताची.” विल्फनं चहाचा घोट घेतला. “पण आपला सिरिल आडवा धावत आला आणि रेषेच्या हातभर अलीकडे त्याला चिखलात लोळवला. भोंगा वाजला. कप थॉर्नलीचा!”

मास्तरांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. दर गुरुवारी असंच व्हायचं.

एनॉक बिन्स पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरले आणि मिसरूड फुटायच्या आत रग्बीच्या मैदानात. जबडा दोनदा मोडला, तेव्हा खेळणं सुटलं आणि शिकवणं सुरू झालं. वीस वर्षं थॉर्नलीचा संघ त्यांच्या हाताखाली होता. खाणीतून काळ्या तोंडानं वर आलेल्या पोरांना ते तसंच खाणीशेजारच्या राखेच्या टेकडीवर पळवायचे. स्वतः पुढं, तोंडात पाइप. चेंडू सुटला तर कधी रागावले नाहीत. पण पडलेला माणूस उठायला वेळ लावू लागला, की मैदानाच्या कडेवरून अशी शिवी यायची की शेजारच्या चर्चमधल्या बायका कान झाकायच्या. त्या अख्ख्या खोऱ्यातल्या प्रत्येक पोराला वाटायचं, एकदा तरी या माणसानं आपल्याला शिवी घालावी.

विल्फलाही वाटायचं.

खाण बंद झाली. मैदानावर घरं उठली. त्या संघातली माणसं एकेक करून गेली. सिरिल टॉर्डॉफही गेला. मग गेल्या हिवाळ्यात बाजारात, मांसाच्या पेस्ट्रीच्या दुकानासमोर, मास्तरांनी विल्फचा हात धरला.

“पोरा, तू माझाच ना?”

विल्फ काही बोलणार, तेवढ्यात त्याचं लक्ष मास्तरांच्या मुलीकडे, मॉरीनकडे गेलं. तिचे डोळे भरले होते. त्यानं होकारार्थी मान डोलावली.

“ये ना कधी घरी,” ती नंतर हळूच म्हणाली. “सकाळी काय खाल्लं ते बाबांना आठवत नाही. ती फायनल मात्र डोक्यातून जात नाही. बोलायला कुणी उरलं नाही रे.”

तेव्हापासून विल्फ येत होता. चहा, मांस भरलेली पेस्ट्री, आणि ती फायनल.

“थंडी वाजतेय का, मास्तर?” आज त्यानं विचारलं.

“थंडी वाजली तर टेकडीवर पळून येईन. तू आपलं पोट बघ! माझ्या वेळी हे पोट घेऊन आला असतास, तर तुला आधी टेकडी चढवली असती आणि मग घरी हाकलला असता.”

विल्फ खदखदून हसला. एवढं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दाराशी मॉरीननं बॅग भरून ठेवली होती. उद्या सकाळी मास्तरांना लीड्सच्या इस्पितळात न्यायचं होतं. छातीची शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी धोका लपवला नव्हता.

“पुढच्या गुरुवारी तिकडं येतो,” विल्फ उठत म्हणाला. “फायनल पुन्हा सांगेन.”

“बस खाली.” मास्तरांचा आवाज अचानक जुना झाला, मैदानावरचा. विल्फ बसला.

“मॉरीन, जरा आत जा गं.”

ती गेली. दार लागलं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती.

“खोटं फार गोड सांगतोस रे, पोरा. म्हणून तर ऐकत आलो. पण सिरिल बिचारा मरेपर्यंत शपथ घेऊन सांगत होता, की तू रेषेपलीकडे उडी घेतलीस, तेव्हा त्याची बोटं तुझ्या बुटाला लागली होती. आमचा कप तू ब्रिगशॉला नेलास तो नेलास. पण खरं सांग, लागली होती का रे?”